स्लीव्ह की बायपास? आधी छातीतल्या जळजळीकडे बघा

आमच्या घरात वजन कमी करायची ही दोन्ही ऑपरेशनं झालीत, जठराची स्लीव्ह आणि जठराची बायपास (हृदयाची नव्हे). आधी ताईची स्लीव्ह झाली, दोन वर्षांनी धाकट्या दिरांची, म्हणजे भाऊजींची, बायपास. त्यामुळे ओळखीत कुणाचं वजन कमी करायच्या ऑपरेशनचं घाटत असलं की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशात जास्त किलो उतरतात?" मी मात्र आधी विचारते, "रात्री घशाशी आंबट येतं का?"

किलोंचं सांगून टाकते. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन्ही ऑपरेशनांत वाटून वर्षानुवर्षं तपासलं गेलं. पाच वर्षांनी जादा वजनापैकी सरासरी ४९ टक्के स्लीव्हवाल्यांचं उतरलं होतं, ५७ टक्के बायपासवाल्यांचं. बायपास थोडी पुढे, पण एवढ्यावरून पोट कापून घेण्याचा निर्णय करू नये. त्याच रुग्णांची दहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के निघाला. मला हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

याचं कारण जठराच्या रचनेत आहे. लठ्ठपणात पोटातली चरबी जठराला खालून दाबत असते, त्यामुळे वरची झडप सैल पडून आम्ल अन्ननलिकेत चढतं. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः ज्या भागात तयार होतं तोच भाग जातो, म्हणून भूक खरोखरच मंदावते. आतड्यांना हात लागत नाही. अन्न नेहमीच्याच वाटेने जातं, जठराच्या तळाची झडपही शाबूत राहते. पण नळी अरुंद, खालचं दार जागच्या जागी, मग आत दाब वाढला की आम्लाला वरचीच वाट सापडते.

ताईचं हेच झालं. ऑपरेशनआधीच्या एंडोस्कोपीत हायटस हर्नियाची, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकल्याची, एक ओळ होती. तिच्यावर आमच्याशी कुणी नीट बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज तिचं वजन छान उतरलंय, गुडघे दुखत नाहीत. मात्र ती तीन उशांवर टेकून झोपते, रात्री साडेसातनंतर पाण्याशिवाय काही घेत नाही आणि आम्लाची गोळी रोजची झाली आहे. काढलेलं जठर परत बसवता येत नाही. त्रास फारच वाढला तर स्लीव्हची बायपास करतात, म्हणजे दुसरं ऑपरेशन.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलीची पिशवी करून तिला लहान आतडं थेट जोडतात. उरलेलं जठर शरीरातच राहतं, पण अन्न तिकडे फिरकत नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नाला बऱ्याच खाली भेटतो. लहान पिशवीत आम्ल फारसं बनत नाही, त्यामुळे जळजळ बहुतेकांची कमी होते. जुना मधुमेह असेल तर साखरेवरही बायपासचा परिणाम सहसा थोडा सरस असतो.

पण लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि तीच वाट इथे वगळलेली असते. बी-१२ शोषायला जठराचा स्राव लागतो, तोही अन्नाला वेळेवर मिळत नाही. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी असतं, त्यात ही भर. भाऊजींच्या टेबलावर गोळ्यांचा डबा कायमचा आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, लोहाच्या गोळीवर चहा नाही. गोळ्या आणि रक्ततपासण्या स्लीव्हनंतरही लागतात, पण बायपासनंतर चुकवून चालतच नाही. ज्यांना बीपीची एक गोळी लक्षात राहत नाही, त्यांनी बायपासला होकार देण्याआधी घरातल्या कुणाला तरी जबाबदार धरावं.

गोडाचंही बघा. पहिल्या होळीला भाऊजींनी अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि वीस मिनिटांत घामाघूम झाले, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली. गोड अन्न आतड्यात एकदम उतरल्याने असं होतं. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्येही होऊ शकतं, बायपासमध्ये जास्त. तंबाखू, सिगारेट किंवा सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सुटणार नसतील तर बायपासच्या जोडाशी अल्सर होण्याचा धोका मोठा आहे. तिथे मी स्लीव्हच्या बाजूने बोलेन. क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल तरीही.

पित्ताशयातल्या खड्यांबाबत दोन्हीत फारसा फरक नाही. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात, म्हणून पहिले काही महिने बरेच डॉक्टर त्यासाठी गोळी देतात. उलट्या थांबत नसतील तर मात्र दोन्हीत घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो.

परवा एका मैत्रिणीने एंडोस्कोपीचा रिपोर्ट पाठवला. अन्ननलिकेला सूज, सोबत हायटस हर्निया, आणि तिचं स्लीव्ह जवळजवळ ठरलेलं. तिला म्हटलं, सर्जनकडे जाशील तेव्हा फाइलमध्ये हा कागद सगळ्यात वर ठेव आणि यावर बोलणं झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस.