घरी येऊन पडद्यांचं माप घेतात, काम एकदम चोख

इंदिरानगरच्या फ्लॅटसाठी कॉलेज रोडच्या एका दुकानातून पडदे शिवून घेतले. माप घ्यायला त्यांचे एक काका घरी आले आणि खरं सांगते, पैसे वसूल तिथेच झाले. टेप स्टीलचा, कारण कापडी टेप ताणला जातो. आधी रॉड कुठे बसणार ते पेन्सिलने भिंतीवर मार्क केलं, फ्रेमच्या वर ४-५ इंच आणि दोन्ही बाजूंना ६ इंच बाहेर, म्हणजे पश्चिमेचं ऊन कडेने आत घुसत नाही आणि पडदा सरकवला की काच पूर्ण मोकळी होते. मग रॉडपासून फरशीपर्यंतची उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजली, आणि हॉलमध्ये चक्क अर्धा इंच फरक निघाला! सगळ्यात कमी आलेलं माप धरून त्यातूनही अर्धा इंच कमी केला, पडदा फरशीला घासायला नको म्हणून. कापड रॉडच्या रुंदीच्या दुप्पट घ्या म्हणाले, त्याहून कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत, नुसती चादर टांगल्यासारखं दिसतं. कॉटन धुतल्यावर आटतं म्हणून खाली ४ इंचांची दुमड ठेवायला सांगितली, हे मला तरी आधी कोणी सांगितलं नव्हतं.

शिलाई मात्र दिवाळीच्या गर्दीत लांबली, सारखे फोन करावे लागले, त्यामुळे सणाच्या बरंच आधी ऑर्डर द्या. माप घेताना स्वतः घरी थांबा, आणि सोफा-कपाट कुठे येणार तेही त्यांना दाखवा.