जखमेवरचा स्प्रे: घ्यावा का, कुठला आणि कसा मारावा

मेडिकलात 'जखमेवर मारायचा स्प्रे द्या' म्हटलं की बहुतेक वेळा तपकिरी पोव्हिडोन आयोडीन हातात पडतं. ते अँटिसेप्टिक, म्हणजे सरसकट जंतू मारणारं; फक्त बॅक्टेरियावर चालणारं अँटिबायोटिक नव्हे. लेबलवर निओमायसिन, बॅसिट्रॅसिन, पॉलिमिक्सिन बी अशी नावं असतील तर ते अँटिबायोटिक. निओस्पोरीनच्या पावडरीत ही तिन्ही आहेत. घरातल्या खरचटण्याला आयोडीन पुरतं, आणि साध्या स्वच्छ जखमेला तर नुसतं पाणी-साबणही.

मग स्प्रे कशाला? जखमेला बोट लावावं लागत नाही म्हणून. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, लेथवर बोट कापलं, दोन्ही हात ऑइलनं काळे. किंवा चिकोडीकडे उसाच्या फडात कोयता नडगीला लागला. तिथं ट्यूबमधलं मलम बोटानं फासलं तर औषधाबरोबर घाणही आत जाते. एवढ्यासाठी पंपाचा स्प्रे घरात, वर्कशॉपात ठेवण्यासारखा आहे.

पण तो धुण्याच्या बदली चालत नाही. तेल, माती, धातूची कीस आत असेल तर औषध वरच राहतं. आधी स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबून धरा. रक्त थांबलं का म्हणून मधेच उघडून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. मग वाहत्या नळाखाली पाच मिनिटं धुवा, साबण कडेच्या कातडीला. रुतलेला खडा उकळलेल्या चिमट्यानं काढा. टिपून कोरडं करा. ओल्या जखमेवर आयोडीन ओघळून जातं, पावडरीचे गोळे होतात. आता 10 ते 15 सेंटिमीटरवरून एक-दोन फवारे. मिनिटभर वाळू द्या, मगच पट्टी; नाहीतर चिकटपट्टी धरत नाही, खानापूरच्या पावसात तर मुळीच नाही. तोंडावरच्या जखमेला थेट मारू नये, कापसावर घेऊन लावावा.

पंपाचं तोंड वाळलेल्या आयोडीननं बुजतं. काढून गरम पाण्यात टाकलं की सुटतं. पंपाऐवजी गॅसच्या दाबावर उडणाऱ्या स्प्रेचा डबा चुलीजवळ किंवा उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, फुटू शकतो.

अँटिबायोटिकची पावडर आठवड्याच्या वर वापरू नये. जखमेभोवती खाज, लाली, बारीक पुरळ आलं तर लोक 'पिकलं' समजून आणखी मारतात. पुष्कळदा ती निओमायसिनची ॲलर्जी असते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेनं 2003 साली बॅसिट्रॅसिनला आणि 2010 साली निओमायसिनला 'वर्षातला ॲलर्जन' ठरवलं होतं. थायरॉइडचा त्रास असेल किंवा तान्हं बाळ असेल तर आयोडीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोप लावणीत पायाच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्यांवर अँटिबायोटिक स्प्रे वाया जातो. तिथं बहुधा बुरशी असते. गोठ्यातला गुरांचा जांभळा स्प्रे माणसाला नको. आणि निपाणीकडे जखमेवर तंबाखू-चुना दाबायची सवय आहे ती सोडाच. चुना कातडी भाजतो.

गंजका खिळा खोल गेला असेल, कापाच्या कडा मिटत नसतील, तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठा. घाणेरड्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांच्या आतलं हवं, स्वच्छ जखमेला दहा. कुत्रा चावला तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस.