बामणोलीजवळचा घरगुती मुक्काम: पहाटेच्या पक्षी-फेरीसाठी नक्की जा

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीजवळच्या एका वाडीत हा मुक्काम आहे. खोल्या दोनच, तेव्हा आधी फोन करून जा. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, जेवण झकास. पण मला सांगायचंय ते पहाटेच्या फेरीबद्दल.

मेअखेरीस घरच्या दादांनी आम्हाला नेलं. ओढ्याच्या घळीत मलबारी कस्तूर शीळ घालत होता. आमच्यातल्या एकाने मोबाइलवर त्याचाच आवाज लावायला घेतला, तर दादांनी तिथल्या तिथे थांबवलं. "विणीचे दिवस आहेत. दुसरा नर आला समजून हा घरटं सोडून भांडायला येईल." एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

पुढे एक वठलेला किंजळ उभा होता. खोडात तांबट पक्ष्याने कोरलेली जुनी ढोली. तिच्यात दयाळाची मादी चोचीत हिरवी अळी धरून शिरली आणि रिकाम्या चोचीने बाहेर आली. दयाळाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. असली झाडं वाळकी म्हणून तोडली की त्याची विणीची जागाच जाते. गाणं कमी का झालं, ते मग आपण विचारत बसतो!

तिथून दादांनी मुद्दाम ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत नेलं. लांबून हिरवंगार, आत जवळजवळ सामसूम. या परक्या झाडावर आपल्याकडच्या अळ्या फारशा पोसत नाहीत, आणि बहुतेक गाणारे पक्षी पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. लगतच्या देवराईत, अंजनी-जांभळाच्या दाटीत मात्र सुभग, नाचण, हळद्या एकाच वेळी ऐकू येत होते. नुसतं 'झाडे लावा' म्हणून भागत नाही, कुठली लावता ते बघा, हे मला तिथे मनोमन पटलं.

घाणेरी या रानभर पसरणाऱ्या परक्या झुडपाबद्दल दादांचं मत स्पष्ट होतं. काढायचीच, पण विणीत नाही आणि एका दमात सगळी नाही, कारण बुलबुल तिच्यात घरटी करतात. मोकळ्या जागी करवंद, तोरण लावायचं. वणव्यांवर ते तळमळून बोलले. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, वेळेवर काढल्या नाहीत, की चंडोलासारख्या जमिनीवर घरटं करणाऱ्यांना वाव उरत नाही.

एकच सूचना: एका फेरीला सहाच माणसं न्यावीत. आम्ही जास्त होतो, मागच्यांना निम्मं ऐकू आलं नाही. मी शाळेत शिकवते. मुलांना आणेन तेव्हा दोन गट करायला आत्ताच सांगून ठेवलंय.