तळ्याभोवती फेरी मारायचीय? करमळी, मये, नंदा की साळावली

गोव्यात तळ्याच्या काठाकाठाने आठ-दहा किमीचा मस्त लूप कुठे मिळेल असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात, मोबाईलवर स्टेप्स मोजायची सवय लागलीय ना सगळ्यांना. आधी साधा हिशोब करून घ्या. तळं अगदी गोल धरलं तरी १० किमीचा काठ मिळायला पाणी ८०० हेक्टरच्या आसपास लागतं. आपलं करमळीचं तळं सुमारे ७० हेक्टरचं, म्हणजे गोल धरून काठ ३ किमी, आणि कुडचड्याचं नंदा तळं ४२ हेक्टर, म्हणजे सव्वादोनच्या थोडं वर. खरा काठ वाकडातिकडा असतो त्यामुळे थोडं वाढेल, पण दहा काही होणार नाही. शिवाय आपली तळी शेतीसाठी, ट्रेकवाल्यांसाठी नाहीत, त्यामुळे पाट्या लावलेली गोल पायवाट कुठेच शोधू नका. बांध, गावचा रस्ता, कोणाच्या तरी शेताची मेर असं जोडत जोडत चालायचं.

तरी निवड करायचीच असेल तर माझं मत सरळ आहे, हिवाळ्यात करमळी. जायला सोपं हे पहिलं कारण. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन तळ्याला लागूनच आहे, मडगावहून गाडीने उतरा आणि चालायला लागा, पार्किंगची कटकट नाही. पणजीवाल्यांनी जुन्या गोव्यापर्यंत बस धरावी आणि पुढे पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, करावा. पूर्ण गोल फिरायचा हट्ट मात्र इथे सोडा, कारण एका अंगाला रेल्वेलाईन आहे आणि रुळावरून चालणं गुन्हा आहे, धोका आहे तो वेगळाच. बांधावरून जाऊन त्याच वाटेने परत यायचं. आणि खरं सांगू, परत येताना उजेड बदललेला असतो, त्यामुळे पक्षी वेगळेच दिसतात, कंटाळा अजिबात येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या आत पोचलात तर मजा. लांबून पाण्यावर काळपट पट्टा दिसतो, गवत असेल असं वाटतं, आणि तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला की तो अख्खा पट्टा उठतो, शेकडो अडई बदकं शिट्ट्या घालत एक गिरकी मारतात आणि पुन्हा जवळपास तिथेच बसतात. तलवार बदकं, भुवई बदकं ही लांबून आलेली पाहुणी मंडळी मधल्या पाण्यात असतात, त्यांना दुर्बीण लागतेच. काठाजवळ जांभळी पाणकोंबडी लाल पायांनी चिखल तुडवत असते आणि कमळपक्षी पानांवरून असा चालतो की पान जेमतेम हलतं, बोटं एवढी लांब की सगळं वजन वाटलं जातं. हे बघायला उभं राहिलं की स्टेप्स होत नाहीत हे आधीच सांगतो. एप्रिलनंतर जाऊ नका, पाहुणे गेलेले असतात, पाणी उतरलेलं असतं आणि सावलीही फारशी नाही.

डिचोलीकडचं मयेचं तळं अगदी उलट. डोंगरांच्या कुशीत आहे, झाडी आहे, पर्यटन महामंडळाचं राहायचं ठिकाण आहे, पॅडलबोट आहे, ५५ मीटरवरून उडी मारायचा बंजीचा टॉवर पण आहे. पोरं आणि आजी बरोबर असतील तर मग मयेच, कारण चालायचा कंटाळा आला की करायला दुसरं काहीतरी असतं आणि टॉयलेटची चिंता नसते. पण शांतता पाहिजे असेल तर रविवारी जाऊ नका, टूरिस्ट बस येतात आणि कोणीतरी स्पीकर लावतोच. पक्ष्यांसाठी करमळीशी बरोबरी नाही. पावसात मात्र मये बाजी मारतं, चारी बाजूंनी हिरवंगार, फक्त वाट निसरडी होते तेव्हा सँडल नको, चांगल्या ग्रिपचे बूट घाला.

आणि ज्यांना खरोखरच लांब चालायचंय त्यांना मयेचा एक फायदा आहे जो बाकी कुठे नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर या, बेट चालत पार करा, दुसऱ्या फेरीने नार्वेला उतरा, सप्तकोटेश्वराला नमस्कार करा आणि मग गावच्या रस्त्याने मये तळं गाठा. सप्तकोटेश्वराचं मूळ ठाणं दिवाडीवरच होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव नार्वेला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ पुन्हा बांधायला लावलं, म्हणजे तुम्ही देवाच्याच वाटेने चालता. हा लूप नाही, कबूल, परत यायला डिचोलीहून बस धरावी लागेल. डिचोली बाजूला खनिजाचे ट्रक चालू असले तर रस्त्यावर धूळ पण खूप, रुमाल ठेवा. पण पाय मोकळे होतात ते इथेच.

नंदा तळ्याबद्दल थोडक्यात. २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं गोव्यातलं हे पहिलं ठिकाण, त्यामुळे लोक मोठी अपेक्षा घेऊन जातात. जुवारीच्या उपनदीलगतची ही पाणथळ जागा आहे, फाटकं बंद करून पाणी साठवतात आणि पावसाळा सरला की त्याच पाण्यावर भातशेती करतात. म्हणजे महिन्याप्रमाणे काठच सरकतो, फेब्रुवारीत काढलेला नकाशा सप्टेंबरमध्ये कामाचा नाही. कुडचडे-सावर्डे परिसरात राहत असाल तर रोजच्या मॉर्निंग वॉकला उत्तम, पणजीहून खास तेवढ्यासाठी जावं असं मला वाटत नाही.

राहिलं साळावलीचं धरण. दहा किमीच्या हिशोबात बसणारं मोठं पाणी हेच, पण काठाने फेरी मारायचा विचार डोक्यातून काढा, मागचं पाणी नेत्रावळीच्या जंगलाकडे पसरलंय आणि वाटच नाही. धरणाचा दारं नसलेला गोल सांडवा पावसात भरून वाहतो तेव्हा बघावा, खालच्या बागेत फिरावं, एवढंच. अपवाद मे महिन्याचा. पाणी उतरतं आणि बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, घरांचे चौथरे आणि तडकलेली जमीन, जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला आणि चॅपलच्या फेस्ताला परत येतात. तिथे सावली नावालाही नाही, म्हणून दोन लिटर पाणी आणि टोपी, आणि सकाळी दहाच्या आत गाडीकडे परत. चौथऱ्यांवर चढून रील काढू नका, ज्यांचं घर होतं ते कदाचित बाजूलाच उभे असतात.