एक मिनिट आधी वाजणारे घड्याळ: ल्युसर्नमधील दोन दिवस

ल्युसर्नसाठी दोन दिवस राखून ठेवले, तर त्यांतील निम्म्याहून अधिक वेळ पायी आणि विनातिकीट घालवता येतो, ही स्वित्झर्लंडसारख्या महागड्या देशात अपूर्वाईचीच गोष्ट आहे. गटसहलींच्या वेळापत्रकात मात्र या शहराच्या वाट्याला लाकडी पूल, दगडी सिंह आणि घड्याळांची दुकाने एवढाच थांबा येतो, आणि तो अपुरा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉइस नदीवर तिरका पसरलेला कापेल पूल चौदाव्या शतकातला असला, तरी ऑगस्ट १९९३ मधील आगीत त्याचा बराचसा भाग जळाला आणि आज आपण चालतो ती पुष्कळशी फळी १९९४ मधील पुनर्बांधणीची आहे. छताखालची त्रिकोणी चित्रेही बहुतेक त्याच आगीत गेली. काही चौकटी अजून रिकाम्या दिसतात. पुलापेक्षा जुना आहे तो शेजारचा अष्टकोनी जलबुरूज, जो कधी खजिना होता, तर कधी तुरुंग. दुपारी येथे पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून मी सकाळी लवकर गेलो.

थोडे खाली असलेल्या श्प्रॉयर पुलाकडे फार कोणी फिरकत नाही, पण मला तोच अधिक भावला. छताखाली सतराव्या शतकातील ‘मृत्यूचे नृत्य’ ही चित्रमालिका आहे, ज्यात लहानथोर सगळ्यांना न्यायला सांगाडा आलेला असतो. जवळच एकोणिसाव्या शतकातला बंधारा आहे. त्याच्या लाकडी दांड्या हाताने काढून-घालून सरोवराची पातळी राखली जाते.

या शहरातील सर्वांत उत्तम जागा कोणती, असे विचारल्यास मी मुझेग तटबंदीचे नाव घेईन. तिच्या नऊ बुरुजांपैकी काहीच आत जाण्यासाठी खुले असतात, हिवाळ्यात तेही बंद, आणि लाकडी जिने गुडघ्यांची परीक्षा पाहतात. त्सिट बुरुजावरील १५३५ च्या घड्याळाला इतरांपेक्षा एक मिनिट आधी टोले देण्याचा मान आहे. वर उभे राहून ते टोले ऐकले आणि मग खालच्या शहरातील घड्याळे सावकाश जागी होताना ऐकली. एवढ्यासाठीही चढण सार्थकी लागते.

१७९२ मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या फ्रेंच राजाच्या स्विस रक्षकांच्या स्मरणार्थ कोरलेला मरणासन्न सिंह डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनच्या आराखड्यावरून १८२१ मध्ये पूर्ण झाला. शिल्प थोर आहे, पण समोर बसगाड्यांची गर्दी लोटली की शोक उरत नाही, फक्त छायाचित्रे उरतात. वाहतूक संग्रहालय पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवावे, कारण त्याला अर्धा दिवस सहज लागतो.

रिगी आणि पिलाटुस या डोंगरांपैकी एकच निवडावा. पर्यटकांसाठीचा स्विस ट्रॅव्हल पास असल्यास रिगीची रेल्वे आणि सरोवरातील बोटी त्यातच येतात, पिलाटुसला मात्र निम्मे भाडे मोजावे लागते. ४८ टक्के चढाची पिलाटुसची दातेरी रेल्वे हिवाळ्यात बंद असते. मी रिगी निवडला आणि त्याच्या पायथ्याच्या फिट्सनाऊ गावापर्यंत, बाजूंना वल्ह्यांची चाके असलेल्या जुन्या वाफेच्या बोटीने गेलो. वेळापत्रक पाहून अशीच फेरी धरावी आणि सगळे प्रवासी वर डोंगर न्याहाळत असताना थोडा वेळ खालचे पितळी इंजिन पाहत उभे राहावे.