माझी दुसरी, लाल पेटी: फोकसराइट स्कारलेट टू-आय-टू

मी मिरजेत पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, माडीवरची खोली रिकामी झाली आणि २०२२ च्या दिवाळीत मी स्कारलेट टू-आय-टू हा तिसऱ्या पिढीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी, घेतला. विद्यार्थ्यांना त्यांचंच वादन रेकॉर्ड करून ऐकवावं, एवढाच तेव्हा विचार होता. आता आसपासच्या गावांतली गाणारी मंडळीही येतात आणि मी ताशी तीनशे रुपये घेते. तेव्हा हौस म्हणून आणि धंदा म्हणून, दोन्ही बाजूंनी सांगते.

ही लाल पेटी जेमतेम एका पुस्तकाएवढी आहे. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. पुढच्या दोन सॉकेटांत माइकची वायरही बसते आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची जाड पिनही. तानपुरा मी असाच थेट घेते आणि गायकाला हेडफोनमध्ये ऐकवते, म्हणजे तो गळ्याच्या माइकमध्ये शिरत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याच्या, बटणाभोवतीचं कडं. आवाज नीट येत असला की हिरवं, जास्त व्हायला लागला की केशरी, फाटला की लाल. माझ्यासारख्या तांत्रिक शिक्षण नसलेल्या बाईला याहून सोपं काय हवं? तबलजी तपासणीच्या वेळी हात राखून वाजवतात आणि द्रुत लय आली की चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना' कडाडतो. म्हणून कडं हिरवं असलं तरी मी गेन आणखी थोडा मागे घेते. २४ बिटमध्ये रेकॉर्डिंग करताना हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र शिवता येत नाही.

शेजारच्या आजी ७८ वर्षांच्या. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या होत्या. डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन चढवला. दोन ओळी म्हणून थांबल्या. "अगं, माझ्या मागं कोण म्हणतंय?" आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यानंही गाणारा अडखळतो. मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, म्हणजे आवाज परत हेडफोनमध्ये ऐकवणं, बंद केलं आणि लाल पेटीवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू केलं. आता त्यांचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात. "आता मी एकटीच हाय," म्हणाल्या आणि सलग बावीस ओव्या गायल्या. गाताना हात जातं ओढल्यासारखा फिरत होता. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-२०२० या कंडेन्सर माइकनं त्यांच्या बांगड्यांची किणकिणही टिपली. ती मी तशीच ठेवली आहे.

एअर नावाचं एक बटण आहे, त्यानं आवाज उजळतो. आजींच्या जाडसर आवाजाला ते शोभलं. हार्मोनियमला मी ते कधीच लावत नाही, रीड आधीच टोचतात.

पहिल्या पंधरवड्यात मात्र मी रडकुंडीला आले होते. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूंऽऽ. इंटरफेस परत पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. एकदा सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं गायब! सॉकेट उघडून पाहिलं तर वायरमननं अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती, नुसती आत दुमडून ठेवली होती. कुणी खोली करत असेल तर माइकच्याही आधी अर्थिंग तपासून घ्या. आमच्या खोलीत मग भिंतींवर गोधड्या लावल्या, आवाजाचा घुमारा बराच उतरला. पखवाज वाजला की लोखंडी कपाट थरथरायचं, ते खाली नेलं.

आता उणिवा. कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टचं बटण दोन्ही माइकांना मिळून एकच आहे. साध्या डायनॅमिक माइकला त्यानं काही होत नाही, पण जुना, नाजूक रिबन माइक असेल तर जपा. हेडफोनचं भोक एकच, म्हणून गाणारा आणि मी दोघांना ऐकायला स्प्लिटर घ्यावा लागला.

खरी अडचण भजनी मंडळाची. बुवा, हार्मोनियम, पखवाज, टाळ, मागचे टाळकरी, आणि माइक दोनच! आधी पखवाज आणि हार्मोनियम, मग गळा, असं तुकड्यांत करून पाहिलं. सूर-ताल जुळले, पण बुवांनी मान वळवली की पखवाज उसळतो, ते काही आलं नाही. भजन तुकड्यांत होत नाही, हे माझं ठाम मत झालं आहे. मंडळांचं काम करायचं असेल तर निदान चार प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक आवाज वाढवून घेणारे भाग, हवेत. इथे नावातल्या आकड्याला भुलू नका, तो आवाज आत-बाहेर जाण्याच्या वाटा मोजतो, माइक नाही. याच पिढीच्या फोर-आय-फोर आणि एट-आय-सिक्समध्येही माइकचे प्रीअँप दोनच आहेत, चार हवे असतील तर एटीन-आय-एटपर्यंत जावं लागतं. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत गेन आपोआप लावण्याची सोय आहे, पण तिच्याही टू-आय-टूमध्ये माइक दोनच जोडता येतात.

एकटा गायक, हार्मोनियम-गळा, तबल्याचा सोलो, यांसाठी मी ही पेटी डोळे झाकून सुचवीन. मंडळांसाठी मोठी घ्यायला पैसे साठवतेय, पण ही विकणार नाही. आजींच्या ओव्या अजून बाकी आहेत. पुढच्या खेपेला ही लाल पेटी आणि लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्याच घरी जाणार आहे, जातं तिथेच आहे.