आधी प्रवेश की आधी पैसा? परदेशात मास्टर्स-पीएचडीच्या पाच वाटांची तुलना

शिष्यवृत्त्यांची तुलना सुरू होते ती बहुधा ‘महिन्याला किती मिळतात’ या प्रश्नाने. पूर्ण खर्च उचलणाऱ्या शिष्यवृत्तीत ती रक्कम साधारण नीट जगण्यापुरती असते, कुठेही गेलात तरी. खरा फरक तीन ठिकाणी पडतो: निवड कोण करतं, प्रवेश आधी मिळवायचा की निधी, आणि शिकून झाल्यावर मायदेशी परतायची अट आहे का.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी. फॉर्म ऑगस्टच्या सुमारास खुला होतो. कामाचा किमान २८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. फॉर्ममध्ये तीन अभ्यासक्रम लिहायचे असतात. मात्र तिथला प्रवेश मिळवणं सर्वस्वी तुमच्याकडे, चेव्हनिंग त्यात पडत नाही. पाणी मुरतं ते इथेच. मुलाखत उत्तम होते, शिष्यवृत्ती मंजूर होते, आणि जुलैतल्या मुदतीला हातात असतं ते अटी घातलेलं ऑफर लेटर. भाषापरीक्षेचा निकाल राहिलेला असतो, नाहीतर पदवी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत पोहोचलेली नसते. विनाअट ऑफर नसेल तर शिष्यवृत्ती जाते. म्हणून मुलाखतीच्या निकालाची वाट न पाहता विद्यापीठांचे अर्ज थंडीतच भरून टाकावेत आणि भाषापरीक्षाही तेव्हाच उरकावी. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे लवकर दिल्याने काही बिघडत नाही.

चेव्हनिंगमध्ये गुणपत्रिकेपेक्षा निबंध जास्त बोलतात, आणि बहुतेकांची गाडी अडते ती नेतृत्वाच्या निबंधात. ‘मी अनेक उपक्रमांचं नेतृत्व केलं आणि संघभावना जोपासली’ या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. हेच असं लिहून बघा: ‘प्रयोगशाळेत नमुन्यांची नोंद वहीत व्हायची, नमुने हरवायचे. बारकोड लावायला एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा विरोध होता; त्यांच्याच पाळीत दोन आठवडे चाचणी घेतली आणि अडचणी त्यांनाच यादीत लिहायला सांगितल्या.’ यात पद कुठेच नाही, पण अडथळा आहे, माणूस आहे आणि केलेली कृती आहे. अभ्यासक्रम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. लगेच परदेशात नोकरी धरायचा बेत असेल तर ही वाट तुमची नाही.

युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस या मास्टर्स शिष्यवृत्तीचा हिशोब याच्या उलट. प्रवेश आणि निधी यांचा अर्ज एकच, आणि तो थेट त्या-त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठगटाकडे, म्हणजे कन्सॉर्शियमकडे जातो. शिक्षण किमान दोन देशांत, एक ते दोन वर्षं. शुल्क माफ आणि दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. कामाचा अनुभव सहसा सक्तीचा नसतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना बऱ्याच अभ्यासक्रमांत अर्ज करता येतो, आणि परतायची अट नाही. नुकती पदवी हातात पडलेल्यांनी आधी इथेच बघावं, असं आमचं मत.

तरी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. विमानभाडं, व्हिसा आणि बस्तान बसवायचा खर्च त्या १४०० मधूनच करायचा. वेगळा प्रवासभत्ता नाही. देश बदलला की नवा निवास परवाना आणि नवं घर, आणि जुन्या घराची अनामत परत मिळायच्या आत नव्या घराची भरावी लागते. दुसरी गोष्ट, एका राष्ट्रीयत्वाच्या उमेदवारांना एकूण शिष्यवृत्त्यांपैकी साधारण १० टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत असा नियम आहे. ज्या देशांतून अर्जांचा पाऊस पडतो, तिथल्यांची स्पर्धा बरीचशी आपल्याच देशबांधवांशी होते. राखीव म्हणजे प्रतीक्षा यादीत नाव आलं तर लगेच नाही म्हणू नका, वरचे लोक गळतात. ‘प्रवेश आहे, निधी नाही’ असं पत्र आलं तर मात्र ते शिष्यवृत्ती मिळाल्याचं पत्र नव्हे. घाईत वाचताना हा घोटाळा होतो.

जर्मनीच्या डाड संस्थेचे विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे ईपॉस, नोकरीतून शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी आहेत. दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी सहसा सहा वर्षांहून जुनी चालत नाही. अर्ज बहुधा अभ्यासक्रमाकडेच पाठवायचा. तो डाडकडे पाठवून मोकळं होणाऱ्यांची मुदत फुकट जाते. गुण जर्मन पद्धतीत बदलून पाहिले जातात, तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. हिशोब घरीच करता येतो: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, उत्तर कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहाच्या श्रेणीत उत्तीर्णतेला ४ आणि तुम्हाला ८.२ असतील तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३; तिप्पट ०.९, उत्तर १.९. अभ्यासक्रम २.५ ची अट घालत असेल तर तुम्ही त्यात सहज बसता. उत्तीर्ण गुणांची रेघ कुठे आहे हे विद्यापीठाकडून लेखी घेऊन ठेवा, कारण ती बदलली की उत्तरही बदलतं.

मेक्स्ट, म्हणजे जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीला, दूतावासामार्फत आणि विद्यापीठामार्फत अशी दोन दारं आहेत. दूतावासाच्या दारात आधी कागदपत्रं, लेखी परीक्षा, मुलाखत; ते पार पडलं की प्राध्यापक शोधून त्यांच्याकडून तात्पुरत्या स्वीकाराचं पत्र मिळवायचं. सगळा भार संशोधन आराखड्यावर. सुरुवात बऱ्याचदा संशोधक विद्यार्थी म्हणून होते आणि पदवीसाठी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा वेगळी द्यावी लागते, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं.

पीएचडीच करायची असेल तर शिष्यवृत्तीच्या मागे न लागता अमेरिकी विद्यापीठांतली असिस्टंटशिप बघा. शिकवणं किंवा संशोधन, आठवड्याला साधारण २० तास. बदल्यात शिकवणी शुल्क माफ आणि स्टायपेंड. निधीचा अर्ज सहसा वेगळा नसतो, प्रवेशाच्या अर्जातच विचार होतो. ऑफर आली की तीन गोष्टी विचारा: स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२, आरोग्यविमा कोण भरतं, आणि शुल्कमाफीत इतर फी धरली आहे का. बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो; त्याआधी घाई करणाऱ्या विद्यापीठाला या तारखेची नम्र आठवण करून द्यावी. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीने गेलात तर जे-१ व्हिसासोबत दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते, असिस्टंटशिपच्या एफ-१ व्हिसाला ती नाही.

पाचही वाटांवर अर्ज अडतो तो बहुधा शिफारसपत्रांपाशी. पोर्टलची लिंक प्राध्यापकांच्या स्पॅममध्ये जाते, किंवा त्यांनी खासगी ईमेलवरून पत्र दिलं म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. संस्थेचा ईमेल द्या, मुदतीच्या सहा आठवडे आधी विचारा, सोबत निबंधाचा मसुदा आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाच्या पाच ओळी पाठवा. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर दुरुस्ती त्याआधी सुरू करा, तिला शिफारसपत्रापेक्षा जास्त वेळ लागतो.

एका वर्षात किती अर्ज? एका अर्जाचे निबंध दुसऱ्यात फारसे चालत नाहीत, म्हणून अनुभव असेल तर चेव्हनिंग आणि ईपॉस, नसेल तर इरास्मसचे दोन-तीन अभ्यासक्रम. पीएचडीवाल्यांनी असिस्टंटशिप आणि मेक्स्ट एकत्र धरावेत. संशोधन आराखडा थोडाफार तोच वापरता येतो.